पंचमावरची रेघ

मेंदूवर बसवलेल्या जाळीची तार अण्णांच्या कानामागून सोडवून स्टीलच्या तबकात ठेवली होती. अधूनमधून तिची टोकं पुसावी लागत, नाहीतर त्यांवर मळ धरायचा. परिचारिका चिमट्यात कापूस धरून ते काम करत होती आणि चारुता मगदूम खिडकीशी उभी राहून चहा निवायची वाट पाहत होती. मागून वहिनींचा आवाज आला.

"बघ की गं, हे तुला चहाचं विचारायलेत."

चारुता वळली. खाटेसमोरच्या पडद्यावर ठळक अक्षरांत ओळ उमटली होती: चारू, चहा घेतलास का? मी मजेत आहे.

तिनं तबकाकडे पाहिलं. तार तिथेच होती, परिचारिकेच्या चिमट्यात. अण्णांचं डोकं आणि यंत्र यांच्यामध्ये त्या घटकेला हवेशिवाय काहीही नव्हतं. सुनंदावहिनी कौतुकानं पडद्याकडे बघत होत्या. त्या तारेनं काय होतं न् काय नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं. तिला भीती वाटली, लहानपणी माळ्यावर एकटीला पाठवल्यावर वाटायची तशी. शास्त्रज्ञ म्हणवणाऱ्या बाईला असं भिणं शोभत नाही, म्हणून ती कुणाला काही बोलली नाही. कपातला चहा तिनं तसाच बेसिनमध्ये ओतला आणि बागवान सरांना निरोप धाडला.

अण्णा म्हणजे धनपाल मगदूम, तिचे थोरले भाऊ. मिरजेत सतारीच्या तारा विकणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर त्यांचा गायनवर्ग चालायचा. शिकवणं हा चरितार्थ होता; वेड होतं ते स्वरलेखनाचं. गुरूंच्या तोंडून आलेल्या बंदिशी संगणकावर उतरवून ठेवायच्या, एवढंच काम ते उमेदीच्या वयापासून करत आले होते. ऐकायला हे सोपं वाटतं. सा रे ग म ही अक्षरं कुठल्याही कळफलकावर असतात. पण कोमल स्वराच्या पायाखाली आडवी रेघ लागते, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ लागते, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणाऱ्या मींडेला कमान. संगणकातले शब्दलेखनाचे सगळे कार्यक्रम जन्माला आलेत ते कचेरीतले अर्ज लिहिण्यासाठी. त्यांना 'रे'खालची रेघ म्हणजे कचरा वाटतो आणि तो झाडून टाकण्यात ते धन्यता मानतात. अण्णांनी वर्षानुवर्षं त्या कार्यक्रमांशी भांडून आपल्या कळा आपणच बसवल्या होत्या. डावा अंगठा एका कळेवर घट्ट दाबून धरायचा आणि उजव्या हातानं चिन्हाचा आकडा मारायचा. बाकीचे लोक साधी अक्षरं मारतात त्या झपाट्यानं अण्णा चिन्हं मारत. अक्षर चुकलं तर वाचणारा समजून घेईल, चिन्ह चुकलं तर अख्खा राग बदलेल, असं ते शिष्यांना दरडावून सांगत.

मग एका सकाळी मेंदूच्या बुंध्यात रक्ताची गुठळी अडकली. शुद्ध गेली, पुढं परत आली असावी असं डॉक्टर म्हणाले. पण आली असली तरी ते सांगायला अण्णांपाशी काहीच उरलं नव्हतं. हात, पाय, जीभ, पापण्या, कशावरही हुकमत राहिली नाही. श्वाससुद्धा यंत्र देत होतं. चारुता तेव्हा मिरजेबाहेरच्या माळावरच्या एका संशोधन रुग्णालयात अशाच रुग्णांसाठी मनोटंक यंत्र बनवत होती. तिनं भावाला तिथं आणलं. यंत्र चाललं, इतकं चाललं की पाहुण्यांना दाखवायची ती पहिली खोली झाली. अण्णा पुन्हा बोलू लागले, वहिनींची चौकशी करू लागले, अर्धवट राहिलेला बंदिशींचा संग्रह पुढं लिहू लागले. गेले काही महिने त्या खोलीत घरासारखी वर्दळ होती.

बागवान सर आले ते पायऱ्या चढून धापा टाकत. डॉक्टर फिरोज बागवान मेंदूविकारांचे तज्ज्ञ. निवृत्तीला टेकलेले, स्वभावानं खुशालचेंडू. चारुतानं त्यांना शेजारच्या कामाच्या खोलीत बसवलं आणि दार लोटून सगळं सांगितलं.

"म्हणजे ते वाक्य लिहिलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"पूरकानं."

"नुसत्या पूरकानं?"

"तार तबकात होती, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. मनोटंक कसं चालतं हे त्यांना ठाऊक होतं, पण आता त्यांना ते पुन्हा ऐकायचं होतं, आणि खरं तर चारुतालाही ते स्वतःच्या तोंडून ऐकायचं होतं. मेंदूवर बसवलेली जाळी बोटं हलवण्याचा नुसता विचार टिपते. अण्णा मनातल्या मनात कळा दाबतात आणि जाळी ओळखते की कुठली कळ. पण हा विचार धुक्यातून दिसणाऱ्या माणसासारखा असतो. दहातली दोन-तीन अक्षरं स्वच्छ येतात, बाकीची धूसर. ती ओळखायला पूरक लागतो. अण्णांनी आयुष्यात संगणकावर जे जे लिहिलं, प्रस्तावना, पत्रं, शिष्यांना धाडलेले निरोप, ते सगळं पूरकाला वाचायला दिलेलं होतं. खोलीतलं बोलणंही त्याला ऐकू येतं. अशा वेळी हा माणूस काय म्हणेल याचा तो अंदाज बांधतो आणि धूसर जागा भरतो.

"आणि तीन अक्षरंही कळली नाहीत तर?"

"तर दहाच्या दहा तो भरतो. नुसती खरखर आली तरी त्यातून वाक्य काढतो. आज ती तबकातल्या तारेची खरखर होती. खोलीत चहाचा विषय निघाला होता."

"तू याची परीक्षा घेतली नव्हतीस?"

घेतली होती. तिला ओळख-चाचणी असं नाव होतं आणि त्या नावाचा चारुताला अभिमान होता. सुरुवातीच्या आठवड्यांत वहिनींना वाक्यांच्या जोड्या दाखवल्या जात. यातलं अण्णांचं कुठलं वाटतं? वहिनी बोट ठेवून सांगायच्या, हे ह्यांचं. त्या बोटाच्या आधारानं पूरकाला घोटून घेतला होता. शेवटी शेवटी तर तो असं लिहायचा की वहिनी पदर डोळ्यांना लावत आणि म्हणत, अगदी तोंडातनं काढून घेतल्यागत हाय. त्या दिवशी चारुतानं पूरक तयार झाला असं जाहीर केलं होतं.

बागवान सर म्हणाले, "समितीला सांगावं लागेल."

ते खरंच होतं. श्वासयंत्र चालू ठेवायचं की नाही हे समिती ठरवणार होती, आणि तिनं ते पडद्यावरच्या वाक्यांच्या भरवशावर आजवर चालू ठेवलं होतं. वहिनींनी पहिल्याच दिवशी आपलं म्हणणं लिहून दिलं होतं. ते आत असतील तर मी जन्मभर उशाशी बसेन, नसतील तर त्यांच्या देहाला असं टांगून ठेवू नका. आता प्रश्न एवढाच उरला होता की अण्णा आहेत का. गेले काही महिने ज्यांच्याशी सगळं घर बोलत होतं, ते अण्णा होते की अण्णांची सवय.

उपाय चारुतालाच सुचला, आणि तो सुचल्यावर तिला रडू यायचं बाकी राहिलं. पूरकाच्या हाती अण्णांनी एक गोष्ट कधीच दिली नव्हती. अगदी सुरुवातीला त्यांनी एक अवघड बंदिश लिहायला घेतली, तेव्हा पूरक त्यांची चिन्हं सुधारायला लागला होता. अण्णा कोमल निषाद मारत आणि पूरक या रागात शुद्धच शोभतो म्हणून रेघ पुसून टाकी. अण्णांनी लिहिणंच थांबवलं. पडदा कोरा राहिला. शेवटी चारुतानं सगळी विशेष चिन्हं पूरकाच्या अंमलातून काढून घेतली. त्यांना पूरकाची गरजही नव्हती. अंगठा दाबून धरण्याचा विचार इतका जोरकस असतो की जाळी तो थेट ओळखते. तेव्हापासून अक्षरं पूरकातून गाळून येत आणि चिन्हं गाळल्याविना.

"पण सर, खरखरीतून एखादं चिन्हही उमटू शकतं. म्हणून साधं चिन्ह नको. अण्णाला पंचमावर तीव्राची रेघ द्यायला सांगू."

गाण्यातलं मला कळत नाही, असं सर म्हणाले, तेव्हा तिनं समजावलं. सा आणि प हे अचल स्वर. ते कोमल होत नाहीत न् तीव्र होत नाहीत. सगळ्या हिंदुस्थानी संगीतात पंचमाच्या डोक्यावर रेघ कुणी दिलेली नाही, अण्णांनी तर चुकूनही नाही. पूरक ती देणार नाही, कारण चिन्हांपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. खरखर ती मागितल्या वेळी देणार नाही. दिली, तर ती मागणं ऐकलेल्या माणसानंच दिलेली असेल.

समितीची माणसं आली त्या सकाळी अण्णांना नेहमीसारखं उचलून तिरक्या खुर्चीत बसवलं होतं, तोंड पडद्याकडे. वहिनींना चारुतानं आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, हातांची घट्ट मूठ वळून.

"अण्णा," चारुता म्हणाली, "तू आत आहेस हे आम्हाला कळायला पाहिजे. तू असशील तर 'प' मार आणि त्याच्यावर तीव्राची रेघ दे. रेघ दिसली की आम्ही समजू की तू आहेस."

पडद्यावर लगेच ओळ आली: चारू, पंचम अचल असतो. एवढं शिकवलं ते वाया गेलं म्हणायचं. मी मजेत आहे.

समितीतला एक जण हसला, आणि मग आपण हसलो म्हणून ओशाळला. वाक्य अण्णांचंच होतं, अगदी हुबेहूब, आणि म्हणूनच त्याला काडीची किंमत नव्हती. चारुताला त्या ओळीचा राग आला. मेलेल्या माणसाचा आवाज काढून कुणीतरी थट्टा करावी तसा तो राग होता. भिंतीवरच्या घड्याळाकडे कुणी बघत नव्हतं. वहिनींचे ओठ हलत होते, त्या णमोकार मंत्र म्हणत असाव्यात.

मग ओळीखाली एकटंच अक्षर उमटलं. प. थोड्या वेळानं त्याच्या डोक्यावर रेघ उभी राहिली: प॑.

आणि पुन्हा, प॑. आणि पुन्हा. थांबायला सांगेपर्यंत त्या रेघा येतच राहिल्या.

वहिनी भिंतीवरून घसरत खाली बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. समितीचा निर्णय तिथल्या तिथे झाला. संध्याकाळी रुग्णालयात सगळ्यांना पेढे मिळाले आणि चारुतानं कित्येक वर्षांत पहिल्यांदा बागवान सरांना वाकून नमस्कार केला. अण्णा आहेत, आत आहेत, आपलं ऐकतात. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. पूरक जागा भरतो तर भरू दे, म्हणणारा माणूस तिथं आहे ना, मग झालं, असं तिनं स्वतःला सांगितलं. आनंदात माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही.

त्यानंतर अण्णांना रेघ देण्याचा नादच लागला. आता ती नुसत्या पंचमावर राहिली नाही. साध्या बोलण्यातल्या अक्षरांवर त्या उभ्या रेघा येऊ लागल्या, आधी एखाद-दुसरी, मग ओळभर. मी॑ म॑जे॑त॑ आ॑हे॑. वहिनी म्हणायच्या, बघा, वाक्याला तोरण बांधलंय. शिष्य भेटायला आले की पडद्यापाशी उभे राहून छायाचित्र काढून घेत. रुग्णालयाच्या माहितीपत्रकावर अण्णांची ती ओळ छापायची असंही ठरलं, आणि नोंदी नीट राहाव्यात म्हणून चारुतानं रेघांचा आलेख काढायला घेतला.

आलेखानं तिची झोप उडवली. रेघा दिवसभर सारख्या नव्हत्या. अण्णांना उचलून खुर्चीत बसवलं की त्यांचा पाऊस पडायचा, दुपारी खाटेवर निजवलं की त्या विरळ होत. त्याच वेळांची नाडी तिनं शेजारी मांडली. नाडीही तशीच चढत आणि उतरत होती. बागवान सरांनी ती आधीच पाहिलेली होती आणि तिचा अर्थही लावलेला होता. गाणारा माणूस आहे, बैठकीला बसल्यासारखी उमेद येत असेल.

त्या दिवसापासून तिला पडद्याकडे बघवेना. ओळ तीच असायची, हसरी, खेळकर, तिच्या भावाची. आणि वर त्या उभ्या रेघा दाटीवाटीनं उभ्या. खोलीत आपल्याखेरीज आणखी कुणीतरी आहे आणि ते टक लावून आपल्याकडे बघतंय, असं तिला वाटायचं. तसं कुणीतरी होतंच, हे तिच्या ध्यानात यायला मात्र वेळ लागला. ध्यानात आलं तेव्हा ती उठून तडक सरांच्या खोलीत गेली.

"सर, आपण त्याला काय सांगितलं होतं? तू आहेस हे कळायला पाहिजे, तर रेघ दे."

"हो. आणि तो देतोय."

"सकाळभर देतोय. सगळ्यांना कळलंय की तो आहे, पेढेसुद्धा वाटून झाले. मग तो पुन्हा पुन्हा काय सांगतोय?"

तिनं रेघांचा आलेख त्यांच्यासमोर ठेवला.

"रेघ त्याची आहे एवढंच आपण सिद्ध केलं. रेघेखालचं वाक्य त्याचं आहे, हे कुणी सिद्ध केलं?"

"अगं, पण पूरक फक्त नसलेलं भरतो ना? असलेलं पुसत तर नाही?"

"पुसतो. धूसर अक्षर आणि अपेक्षेतलं अक्षर जुळलं नाही, तर धूसर ते चूक धरायचं. तो नियम मीच घातलाय. त्याशिवाय ओळख-चाचणी पार होत नव्हती."

दोघांनाही आता पुढचं दिसत होतं. एखाद्या माणसानं जन्मभर जे कधी म्हटलं नाही ते त्याला आज म्हणायचं असेल, तर पूरकाच्या लेखी ती चूक आहे. तो ती सुधारणार. माणूस खोडणार, पुन्हा लिहिणार, पूरक पुन्हा सुधारणार. चारुतानं जुन्या नोंदी उघडल्या. पहिल्या महिन्यात अण्णांनी ओळींवर ओळी खोडल्या होत्या. भावाला शैलीचा सोस फार, असं तिनं तेव्हा समासात लिहून ठेवलं होतं. त्यानंतर खोडणं कमी होत गेलं आणि मग बंदच पडलं.

पूरक बंद करायचा म्हटल्यावर वहिनी आडव्या आल्या. ते गप झाले तर मी काय करू, असं त्या विचारत होत्या. शेवटी बागवान सरांनी त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. चारुतानं पूरक उतरवला. पडदा पांढरा झाला. तिनं अण्णांच्या कानाशी वाकून सांगितलं की आता मध्ये कुणी नाही, एकच अक्षर पुन्हा पुन्हा मार, पक्कं झालं की आम्ही पुढं जाऊ.

पहिलं अक्षर पक्कं व्हायला सकाळचा बराच भाग गेला. जाळीकडून धूसर कळा येत, यंत्र त्या मोजून बेरीज करी. द आला. मग बराच वेळ काहीच नाही, मग उकार. ख आणि त तुलनेनं लवकर आले. यंत्रानं शब्द पुरा केला नाही, कारण आता पुरा करणारं त्यात कुणी नव्हतं.

शब्द पुरा करायची गरजही नव्हती. वहिनी उठून अण्णांच्या खुर्चीजवळ आल्या आणि त्यांनी अगदी हळू विचारलं, "कुठं?"

दुपारपर्यंत उत्तर आलं. खांद.

बागवान सरांनी अण्णांचा सदरा बाजूला केला आणि डाव्या खांद्याखाली बोटं घातली. हाडाचा गोळा खोबणीतून खाली उतरलेला होता. पांगळ्या हातात असं होतं, त्यांनी पुटपुटत सांगितलं, स्नायू धरून ठेवत नाहीत आणि हाताचं वजन हाताला खाली ओढतं. निजलेला असताना जाणवत नाही, बसवलं की जाणवतं. अण्णांना रोज सकाळी बसवत होते, पडद्यासमोर, लिहिता यावं म्हणून. वेदनाशामक औषध कुणी दिलं नव्हतं, कारण काही त्रास आहे का, असं रोज सकाळी विचारलं जाई आणि रोज सकाळी लेखी उत्तर मिळे.

झोळी बांधून हात उचलून धरला, खाली उशी दिली, आणि नाडी हळूहळू खाली आली. चारुता तोवर शेजारच्या खोलीत जाऊन बसली होती. पूरकाला दिलेल्या अण्णांच्या सगळ्या लिखाणात तिनं तो शब्द शोधला. दुखतंय. तो कुठेच नव्हता. मूतखड्याच्या कळा येत असताना अण्णा एकदा रात्रभर गायले होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला कळवलं होतं, बैठक उत्तम झाली, मी मजेत आहे. घराला या गोष्टीचं केवढं कौतुक होतं. ती सांगून सांगून गुळगुळीत झाली होती. चारुतानं टेबलावर डोकं टेकलं आणि ती हमसून हमसून रडली.

ती परत आली तेव्हा वहिनी अण्णांचा उजवा हात हातात घेऊन बसल्या होत्या.

"मीच बोट ठेवून सांगत हुते," त्या म्हणाल्या. "हे ह्यांचं, हे ह्यांचं म्हणून."

"वहिनी, यंत्र माझं होतं."

"यंत्र तुझं. नवरा माझा की गं." त्या अण्णांकडे वळल्या. त्यांचा आवाज चारुतानं इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता असा होता, अनोळखी माणसाशी जपून बोलावं तसा. "अहो, आता बरं वाटतंय का?"

तिघंही पडद्याकडे बघत राहिले. सवयीची ओळ आली नाही. 'ना' आला. बऱ्याच वेळानं 'ही' आला.

वहिनींनी मान डोलावली. रडल्या नाहीत. खुर्ची पुढं ओढून त्या म्हणाल्या, "बरं. मग सांगा एकेक. मी कुठं जात न्हाई."

बागवान सर बाहेर व्हरांड्यात आले, त्यांच्या मागोमाग चारुता. काही तरी हातून निसटलं होतं ते थोडं तरी परत मिळालं, असं सर म्हणत होते. चारुता ऐकत नव्हती. व्हरांड्याच्या दोन्ही बाजूंना दारं होती आणि अण्णांची खोली गाजल्यापासून त्यातली बहुतेक भरलेली होती. प्रत्येक दाराला काच होती. प्रत्येक काचेतून एक खाट आणि एक पडदा दिसत होता.

मी ठीक आहे, काळजी नसावी. आज फार प्रसन्न वाटतंय. देवाच्या कृपेनं सगळं छान.

सगळ्यांचे पूरक ओळख-चाचणी पार झालेले होते. प्रत्येकाच्या माणसांनी बोट ठेवून सांगितलं होतं की हे यांचंच. आणि यांतल्या एकालाही पूरकाबाहेरची चिन्हं दिलेली नव्हती. त्यांना ती कशाला लागणार होती? यांतला कुणी गाणारा नव्हता. कुणी कधी रेघेसाठी भांडलं नव्हतं. ओळींवर काहीही नव्हतं, अक्षरं स्वच्छ आणि उघडी होती.

चारुतानं सगळ्यांत जवळचं दार ढकललं. खाटेवर फुलाबाई आवळे होत्या, हुपरीत चांदीच्या साखळ्या ओवून पोरं वाढवलेल्या. त्यांची लेक पायथ्याशी बसून मोसंबं सोलत होती. पडद्यावर लिहिलेलं होतं: माझं झकास चाललंय. तू आधी जेवून घे बाई.

"आईचं हे असंच," लेक हसून म्हणाली. "आपलं काय न्हाईच. सारखी माझ्या जेवणाची काळजी."

चारुतानं तिच्या हातातलं मोसंबं काढून घेतलं, तिला आईच्या उशाशी नेऊन बसवलं, आईचा हात तिच्या हातात दिला, आणि मग पूरक बंद केला.